थव्यातली मोकळी जागा

मत्स्यालय आठवड्यातून एक दिवस बंद असायचं आणि फोटो काढायला तोच दिवस बरा, असं तिथल्या संचालिकाबाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं. शाळेच्या सहलींचा कलकलाट नाही, काचेवर तेलकट बोटांचे ठसे नाहीत, मध्येच येऊन स्वतःचा फोटो काढणारं कुणी नाही. मुलांसाठी माशांचं एक माहितीपुस्तक निघणार होतं, त्यासाठी हे सगळं. काम साधंच होतं. फोटोवालीने फोन ठेवला आणि ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, उद्या मासे काढायला जायचंय."

"काढायला की धरायला?"

"फोटो हो, फोटो!"

"मग काळं कापड आज धुवायला टाकू नकोस. दमट राहिलं तर वास येईल, आणि मासे मला नावं ठेवतील."

असा त्याचा स्वभाव. स्टुडिओ मुळात त्याचा. अख्खं शहर त्याला 'स्टुडिओवाले' म्हणूनच ओळखायचं. दोन वर्षांपूर्वी आधी एका डोळ्याचा पडदा सरकला, शस्त्रक्रिया केली ती फसली, आणि पाठोपाठ दुसरा डोळाही त्याच वाटेने गेला. आता खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच त्याला कळायचं. कॅमेरा आपोआप बायकोच्या गळ्यात आला. आधी ती दुकानात बसून फोटोंवरचे डाग पुसायची आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. हळूहळू तीच फोटोवाली झाली. पण म्हणून तो घरी बसेल? छे! प्रत्येक कामाला तो सोबत यायचाच. पिशव्या उचलायचा, दिव्याचा दांडा धरायचा, आणि तिने न विचारता सल्ले द्यायचा. "उजेडाचं खातं तुझं, अंधाराचं माझं," असं म्हणून स्वतःच हसायचा. तिला मात्र त्या हसण्याने कुठेतरी टोचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोचली. बाहेर लख्ख ऊन होतं. पहारेकऱ्याने बाजूचं दार उघडलं, आणि आत पाऊल टाकताच ऊन जणू कुणी कापून टाकलं. लांबलचक बोळ, खिडकी एकही नाही, दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या आणि त्यांतला निळसर, हिरवट उजेड. हवेत खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या रबराचा वास. कुठेतरी भिंतीआड पंप घुमत होते. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी तळपायांना कळायचा.

"मोठी जागा आहे," नवरा मान तिरकी करून म्हणाला. "आणि ओली आहे."

"मत्स्यालय आहे अहो. कोरडं कसं असेल?"

संचालिकाबाई चटपटीत होत्या. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. त्यांनी बोळातले सगळे दिवे घालवून दिले, कारण काचेतून फोटो काढताना खोलीत उजेड असला की काच आरसा होऊन बसते. माशाच्या जागी आपलंच थोबाड येतं. म्हणून फोटोवालीने डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले होते, केसही काळ्या रुमालात घट्ट बांधले होते. कॅमेऱ्याच्या तोंडाला रबराचं कडं, ते काचेला गच्च टेकवायचं, आणि मागून नवऱ्याने काळं कापड पसरून धरायचं, की आरपार फक्त पाणी दिसतं.

"तुम्ही निवांत काढा, ताई," संचालिकाबाई म्हणाल्या. "मी वर पंपाच्या खोलीत आहे. फक्त शेवटच्या मोठ्या टाकीचं एक सांगायचं राहिलं. तिच्यातला चंदेरी माशांचा थवा हल्ली नीट वागत नाहीये. खाणं अर्ध्यावर आलंय त्यांचं. टाकीच्या मधल्या भागात जायलाच बघत नाहीत. पाणी तपासलं, पंप तपासले, सगळं ठीक आहे. तुमच्या फोटोंत काही वेगळं दिसलं तर मला दाखवा."

"दाखवते की," ती म्हणाली, आणि विसरूनही गेली.

छोट्या टाक्यांचं काम झकास झालं. समुद्रघोडे शेपटीने गवताला धरून डुलत होते. नळीतून तोंड काढून बसलेली सापासारखी वाम त्यांच्याकडे, घरमालकीण भाडेकरूकडे बघते तशी बघत होती. तिने ते सांगितल्यावर नवरा इतका हसला, की कापड हललं आणि फोटो गेला.

"हसू नका हो!"

"तू सांगू नकोस मग."

पण एक मोठा, चपटा, ठिपक्यांचा मासा आलाय म्हणाली, तेव्हा त्याची थट्टा थांबली. "कसा आहे?" त्याने हळूच विचारलं. ती सांगायला लागली, पाठ करडी, पोट पांढरं, कल्ल्यांपाशी थोडं पिवळं... आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की त्याने कापड मुठीत गच्च आवळलंय. तिने विषय बदलला.

मोठी टाकी बोळाच्या टोकाला होती. टाकी कसली, पाण्याने भरलेली एक खोलीच. जमिनीपासून छतापर्यंत एकसंध काच, आणि बाजूला कर्मचाऱ्यांसाठी लोखंडी जिन्याचं दार. त्या जिन्याने वर गेलं की टाकीच्या तोंडाशी फळ्यांचं एक मचाण होतं, तिथून माशांना खाणं टाकत. वरून येणारा उजेड पाण्यात हलत होता, आणि त्यात शेकडो चंदेरी मासे एकाच वेळी वळत होते. सगळे एका बाजूला वळले की टाकी चमकायची, दुसऱ्या बाजूला वळले की विझायची.

एवढा मोठा थवा एकेका फोटोत नीट सापडायचा नाही. म्हणून तिने कॅमेरा तिवईवर लावला, कडं काचेला टेकवलं, आणि थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो निघत राहील अशी कळ लावून दिली. टक्... मग शांतता. टक्... मग शांतता. ती बाजूला उभी राहून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघू लागली.

पहिल्या काही फोटोंत थव्याच्या मधोमध एक मोकळी जागा होती. मासे तिला वळसा घालून जात होते. पाण्याचा झोत असेल, असं तिला वाटलं. पुढच्या फोटोत जागा तशीच होती, फक्त थोडी डावीकडे. त्याच्या पुढच्या फोटोत ती अलीकडे आली होती. उभी, लांबट. वर गोलसर, मग निमुळती, मग रुंद...

तिने मान वर करून काचेतून पाहिलं. पाण्यात काहीच नव्हतं. मासे होते आणि माशांमध्ये ती जागा होती. एखादा माणूस उभा राहिला तर जेवढी व्यापेल, तेवढी.

"अहो," ती म्हणाली, "आत पाणबुड्या उतरलाय का? आवाज येतो का काही?"

मागे काहीतरी सळसळत जमिनीवर पडलं.

ती वळली. नवऱ्याने कापड खाली सोडलं होतं. तो काचेच्या अगदी जवळ गेला होता आणि त्याचा चेहरा... तो चेहरा तिने दोन वर्षांत पाहिला नव्हता. आंधळ्या माणसाची मान जरा वर असते, कुठेही नसलेल्या जागी तो बघत असतो. हा नीट समोर बघत होता. नजर ठरलेली होती.

"अगं," तो पुटपुटला, "केस मोकळे कशाला सोडलेस?"

तिचा हात आपसूक डोक्याकडे गेला. रुमाल जागेवर होता. गाठही घट्ट होती.

"केस बांधलेलेच आहेत माझे. काय बोलताय?"

"किती हलतायत ते..." तो हसला. "आणि तू एवढी बारीक कधी झालीस? मला कुणी सांगितलंही नाही."

"अहो, मी इकडे आहे. तुमच्या उजव्या हाताला."

तो वळलाच नाही. तिने त्याच्या दंडाला धरलं, हलवलं. तो हलला, पण नजर हलली नाही. तो बघत होता तिथे तिनेही पाहिलं. मोकळी जागा आता काचेला लागून होती. थवा तिच्यामागे, लांब, टाकीच्या भिंतीपाशी दाटीवाटीने अंग चोरून थांबला होता. एकही मासा वळत नव्हता.

नवऱ्याने तळहात काचेवर ठेवला.

"गार आहे हात तुझा," तो म्हणाला.

"तिथे कुणी नाही! चला इथून. चला आधी!"

"थांब गं जरा." त्याच्या आवाजात लहान मुलासारखा हट्ट होता. "दोन वर्षांनी दिसतेयस. दिसतेयस मला... थोडा वेळ बघू दे ना." मग त्याने भुवया आवळल्या. "काय? मोठ्याने बोल. ऐकू येत नाही."

"मी काही बोलत नाहीये..."

"ओठ हलतायत की. परत म्हण." तो काचेला कपाळ टेकवून वाचत असल्यासारखा थांबला. "वर... वर ये... बरं. बरं, येतो."

आणि तो वळला. त्याची काठी भिंतीला टेकवलेली होती, तिला त्याने हातही लावला नाही. तिवई वाटेत होती, तिला त्याने डोळस माणसासारखा वळसा घातला. जिन्याचं दार उघडलं आणि धडाधड वर चढायला लागला.

ती क्षणभर जागीच खिळली. आपल्या नवऱ्याला दोन वर्षांनी असं ताठ, भराभर चालताना पाहून काळजाच्या एका कोपऱ्यात आनंद झाला होता, आणि त्याच आनंदाची तिला भयंकर भीती वाटली. मागे कॅमेरा टक् करून वाजला. त्या आवाजाने ती भानावर आली. खाली पडलेलं काळं कापड तिच्या पायात अडकलं, ते तसंच उचलून ती त्याच्या मागे धावली.

वर मचाणावर दमट ऊब होती. पाण्याला कठडा होता, पण खाणं टाकायच्या जागी तो तुटक होता, आणि बरोबर त्या तुटक जागी तो गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. बाह्या भिजून काळ्या झाल्या होत्या. तो पुढे वाकत होता, घाईने नाही, कुणी हळूच ओढावं तसा.

"अहो!"

"आलीस?" तो पाण्याकडे बघतच म्हणाला. तिच्याशी नाही.

तिने त्याच्या कॉलरला धरून मागे ओढलं. तो जड होता, नेहमीपेक्षा कितीतरी जड. पलीकडून कुणी तितक्याच जोराने ओढत असल्यासारखा. तिच्या चपला ओल्या फळ्यांवर सरकल्या. ती ओरडली, आणि काय करतेय हे न कळता तिने हातातलं काळं कापड त्याच्या डोक्यावर टाकून चेहऱ्याभोवती आवळलं.

त्याचं अंग एकदम सैल पडलं. दोघंही मागच्या मागे आपटली.

"काढ ते," कापडाच्या आतून तो म्हणाला. "काढ... अंधार झालाय."

ओरडा ऐकून संचालिकाबाई पंपाच्या खोलीतून धावत आल्या. "काय झालं? पडले का? लागलं का?"

"पाय घसरला," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार? मग श्वास सावरून विचारलं, "मॅडम, आज आत कुणी उतरलंय का? पाणबुड्या?"

"नाही ताई. बंदच्या दिवशी कुणी उतरत नाही. का?"

तिने कापड सोडवलं. नवऱ्याची मान पुन्हा जराशी वर झाली होती, आणि डोळे कुठेही नसलेल्या जागी लागले होते.

परतीच्या रिक्षात तो भिजलेल्या बाह्या पिळत बसला होता. मग म्हणाला, "तुला एक सांगितलं नव्हतं मी. तुझा चेहरा मला आठवेनासा झाला होता. आवाज आहे, वास आहे, पण चेहरा म्हटलं की नुसता डाग. आज तो परत दिसला."

"ती मी नव्हते."

"तूच होतीस."

"मी तुमच्या शेजारी उभी होते, हो!"

"मग शेजारची मला दिसली का नाही?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नाही म्हणून. तिने त्याचा ओला हात आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत रुमालाने पुसत राहिली.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. अंथरुणावर पडली की उठून बसावंसं वाटायचं, बसली की फिरावंसं. दार लावलंय ना, नळ बंद आहे ना, पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. आंघोळीची बादली भरून ठेवायचं तिने सोडून दिलं. नवऱ्याला एकटं सोडून दुकानात जायला तिचा जीव धजेना, आणि घरात त्याच्यासमोर बसवेना. तो मात्र शांत होता. इतका शांत, की ती चिडायची. कामाला येतो म्हणून हट्ट नाही, सल्ले नाहीत, टोमणे नाहीत.

शेवटी धीर करून ती एका सकाळी संगणकासमोर बसली. छोट्या टाक्यांचे फोटो सुंदर आले होते. मग मोठी टाकी. तिने एकेक फोटो पुढे सरकवला. मोकळी जागा मध्ये. मोकळी जागा अलीकडे. मोकळी जागा काचेला लागून. त्यानंतर दोघं जिन्यावर धावली होती आणि कॅमेरा खाली एकटाच फोटो काढत राहिला होता. त्या फोटोंत जागा वर सरकत गेली होती, पाण्याच्या तोंडाकडे, लांब होत, उभी ताणली जात.

आणि शेवटच्या फोटोंत ती नव्हतीच. थवा सबंध होता. मासे टाकीच्या मधोमध मजेत, एकमेकांना खेटून फिरत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत मागे रेलून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. गेलं एकदाचं, जे काय होतं ते. मग तिने निवडलेले फोटो पाठवून दिले, आणि दुपारी संचालिकाबाईंचा फोन आला, फोटो पोचले, फार छान आलेत म्हणून. "आणि तुमचा पायगुण बघा ताई, त्या दिवसापासून चंदेरी मासे सुधारलेत. पोटभर खातायत, सगळ्या टाकीभर फिरतायत. काहीतरी होतं ते गेलं म्हणायचं!"

"गेलं ना?" तिने विचारलं.

"अगदी. टाकीत आता काही म्हणजे काही नाही."

फोन ठेवला तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी गुणगुणावंसं वाटलं. तिने आलं ठेचून चहा टाकला. एक कप भरला, बशीत ठेवला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बाल्कनीत गेली. नवरा जेवण झाल्यापासून तिथे वेताच्या खुर्चीत बसून होता. ऊन त्याच्या पायांवर आलं होतं. चेहऱ्यावर समाधान होतं.

"अहो, चहा आणलाय. गरम आहे, नीट धरा."

त्याने डावा हात पुढे केला. उजवा खुर्चीच्या हातावर तसाच पडला होता.

"दोन्ही हातांनी घ्या ना, सांडेल."

"मग सोड की तो," तो हसत, लाडाने म्हणाला. "मघापासून धरून बसलीयस. सोड, चहा पिऊ दे."

तिच्या हातांत कप आणि बशी दोन्ही होती. ती एकमेकांवर किणकिण वाजायला लागली.

तिने खुर्चीच्या त्या बाजूला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. भरउन्हात त्याचा उजवा हात कोरडा पडला होता, तळवा वर करून, बोटं अर्धवट मिटलेली. आणि बोटांची टोकं, दिवसभर पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पांढरीफटक पडून सुरकुतली होती.